पंखा फक्त चारवर

"चौथ्यांदा आली ती."

"तिसऱ्यांदा."

"चौथ्यांदा. मी मोजतेय."

"तू वेढे मोज. गाड्या मोजायला मी आहे."

"एका पंख्यासाठी चार खेपा! अहो, तिच्याकडे दाढ काढायला गेलेला माणूससुद्धा दोनदाच्या वर जात नाही."

"तिला काय हौस आलीय इथे यायची? पंखा बंद पडतो म्हणून येते."

"पडतो, की पाडून ठेवता?"

बाबांनी हातातला स्क्रूड्रायव्हर बाकावर ठेवला. इतका हळू ठेवला, की मी माझा चहाचा कप उचलून जरा मागे सरकले. आमच्या घरात वस्तू आपटली की भांडण संपतं. हळू ठेवली की सुरू होतं.

मी चार दिवसांसाठी माहेरी आले होते. आमचं घर वर, दुकान खाली. दुकानाचा पुढचा भाग बाबांचा. तिथे एका वेळी दोन गाड्या मावतात आणि तिसरी रस्त्यावर शेपूट काढून उभी राहते. मागचा भाग आईचा. मधे प्लायवूडची भिंत आणि त्या भिंतीला तिकीटघराला असते तेवढी खिडकी. पुढून जळालेली मोटर आत जाते, मागून नवी तार भरलेली मोटर बाहेर येते. निरोप, चहा, टोमणे, सगळी ये-जा त्याच खिडकीतून. चौकटीची खालची कड दोघांच्या कोपरांनी झिजून गुळगुळीत झाली आहे.

बाबांना गल्लीत सगळे उस्ताद म्हणतात. इंजिनाला ते हात लावत नाहीत. गाडीतला वारा हे त्यांचं राज्य. पंखा फिरत नाही, काचेवरची वाफ जात नाही, गरम हवा मागितली तर गार येते, डावीकडून येते पण उजवीकडून येत नाही, अशी दुखणी घेऊन लोक येतात. बाबा आधी गाडीला हात लावतच नाहीत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून तीन प्रश्न विचारतात. पंखा कितीवर होता? बंद पडला तेव्हा गाडीत कोण कुठे बसलं होतं? वास आला का, आणि आला तर कसला? मग टेस्टिंगचा छोटा दिवा घेऊन डॅशबोर्डाखाली आडवे होतात आणि त्यांचे फक्त पाय बाहेर दिसतात. लहानपणी बरीच वर्षं मला वडील म्हणजे दोन चपला, एवढंच माहीत होतं.

एकदा बिस्किटांचा एक एजंट आला होता. चांगला अघळपघळ माणूस, सीटमधून उतरायला त्याला दोन हप्ते लागायचे.

"उस्ताद, बायको शेजारी बसली की पंखा बंद. ती उतरली की चालू. म्हणजे गाडीला पण कळतं बघा!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. "वहिनींना घेऊन या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, बसल्या, पाय लांब केले. पंखा थांबला. डॅशबोर्डाखालून बाबांचा आवाज आला, "वहिनी, उजवी टाच उचला." पंखा सुरू. "टेकवा." बंद. गालिच्याखाली अर्थिंगची वायर सैल झाली होती आणि त्यांची टाच बरोब्बर तिच्यावर यायची. एजंट महिनाभर सगळ्या बाजारात ही गोष्ट सांगत फिरला. पुढे त्याच्या पंख्याची मोटर जळाली तेव्हाही तो इथेच आला. "उस्ताद, मला दुसरं काही नको. तुमच्या हातची हवा पाहिजे!"

मोटर भरायची होती आईने. ती खिडकीत उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

आई हे काम तिच्या वडिलांकडून शिकली. जळालेल्या मोटरीतली काळी तार उपटून काढायची, खाचा पुसायच्या, नवी तांब्याची तार प्रत्येक खाचेत वेढे मोजून गुंडाळायची. मोजताना ती बोलत नाही. त्या वेळी घराला आग लागली तरी ती आधी खाच पुरी करेल. शेवटी तारांची टोकं सुताने बांधते. बाकीचे पांढरं सूत वापरतात, तिचं लाल. लाल सूत आजोबांचं, तिला आंदण मिळालेलं, असं ती म्हणते.

आणि तिचा कान. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीला लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. "बुश कोरडं पडलंय." "कार्बन संपत आलाय." आजवर चुकलेली मी पाहिली नाही.

शाळेच्या व्हॅनवाल्याने हे एकदा पाहिलं आणि पुढच्या वेळी तो बाबांच्या अंगावरून थेट खिडकीशी गेला. "वहिनी, जरा ऐका ना हिला." मग दुसरा कोणी म्हणाला, "लाल गाठीचीच द्या हं." मग तिसरा. बाबांनी आठवड्याभरात नियम काढला, गिऱ्हाइकाने खिडकीशी जायचं नाही. कारण काय, तर वायरी पायात येतात. तीस वर्षांत त्या वायरी कोणाच्या पायात आल्या नव्हत्या.

दोन महिन्यांपूर्वी बोर्ड रंगवायचं निघालं. जुना बोर्ड उन्हाने पार उडाला होता, 'ऑटो इलेक्ट्रिशियन'मधलं नुसतं 'ऑटो' उरलं होतं आणि लोक रिक्षाच्या चौकशा करून त्रास द्यायचे. आई म्हणाली, खाली दुसरी ओळ हवी. 'मोटर वाइंडिंग'. बस्स, दोन शब्द. स्वतःचं नावगाव काही नको.

बाबा आधी हो म्हणाले, मग म्हणाले, "बघू."

माझ्या बाबांचं 'बघू' म्हणजे काय, हे कळायला माझं लग्न होऊन नवऱ्याचं 'बघू' ऐकावं लागलं. पेंटरला पुढच्या आठवड्यात बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. आज तो कंटाळून आपणहूनच आला होता. शिडी लावून वर चढला होता आणि पहिली ओळ रंगवत होता. आणि नेमकी आजच डॉक्टरीणबाईंची गाडी चौथ्यांदा दारात.

डॉक्टरीणबाई दातांच्या. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. उंच, हसऱ्या, बोटं लांबसडक. जुनी गाडी नव्यानेच घेतलेली. आईला त्यांचं काहीच पटत नव्हतं.

"सीटवर धुतलेला टॉवेल कोणी अंथरला?" खिडकीतून आई.

"माझ्या कपड्यांना ग्रीस असतं."

"तीस वर्षं असतं. टॉवेल यंदाच निघाला. आणि हा शर्ट?"

"काय झालं शर्टाला?"

"इस्त्री झाली."

मला हसू आवरेना. आई माझ्यावर खेकसली, "तू हसू नकोस. परवा पाण्याचा ग्लास घेऊन हे स्वतः गेले. स्वतः! ह्या माणसाला आपल्या घरात ग्लास कुठे असतात ते माहीत होतं, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं."

"ती ऐकेल, हळू बोल."

"ऐकू दे. 'उस्ताद, तुमच्या हातात जादू आहे हो!'" आईने डॉक्टरीणबाईंचा आवाज काढला. इतका हुबेहूब काढला, की शिडीवरच्या पेंटरने वळून पाहिलं. "जादू आहे, तर मग पंखा का राहत नाही नीट?"

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. पहिल्या खेपेला पंखा एक, दोन, तीनवर बंद होता, फक्त चारवर चालायचा. बाबांनी पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर बदलला. नऊ दिवसांनी तेच. पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी जळका वास आला, कनेक्टरचं प्लास्टिक वितळलं होतं. बाबांनी कनेक्टरही बदलला. जे माझे बाबा टाचेखालची वायर शोधतात, ते तीन वेळा तेच जळालेलं काढून तेच नवं बसवत होते. आईच्या डोक्यात याचं एकच उत्तर होतं, आणि ते इस्त्रीच्या शर्टात होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या.

"उस्ताद, मी हात टेकले! एक, दोन, तीन, सगळे मुके. पण खरं सांगू? चारवर काय वारा सुटतो! माझ्या मैत्रिणीच्या नव्या गाडीत निम्मासुद्धा नाही. केस बांधून बसावं लागतं."

बाबा म्हणाले, "बघतो."

भिंतीच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई बाहेर आली. हातात तिचा लांब स्क्रूड्रायव्हर, खांद्यावर क्लॅम्प मीटरचा पट्टा. गिऱ्हाईक असताना ती बाहेर येत नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पान्यांच्या ट्रेमध्ये काहीतरी शोधायला लागले.

"बाई, जरा गाडीत बसून किल्ली फिरवता?" आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली आणि टॉवेल हाताने बाजूला सारून शेजारच्या सीटवर बसली. "चारवर लावा."

वारा सुटला. आईच्या कपाळावरचे केस मागे उडाले. तिने वाकून स्क्रूड्रायव्हर मोटरीला लावला आणि मूठ कानाशी नेली. डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. नेहमीपेक्षा बराच वेळ.

"काय म्हणतेय?" डॉक्टरीणबाईंनी कुजबुजत विचारलं, पेशंट झोपल्यासारखं.

"बुश ठीक. कार्बन ठीक. पण हिला एवढी घाई कसली आहे?" आईने डोळे उघडले. "अहो, ही किती ओढतेय?"

"मोटर चांगली आहे," बाबा ट्रेमधून म्हणाले.

"ते नाही विचारलं. अँपिअर किती?"

आईने मीटरचा चिमटा स्वतःच वायरीवर लावला आणि आकडा मला दाखवला, जणू मी पंच होते.

"सव्वीस!"

"म्हणजे?" डॉक्टरीणबाई.

"म्हणजे भूक, बाई. ह्या मोटरीने एकोणीस-वीस खावेत. ही सव्वीस खातेय. फ्यूज तिसाचा, म्हणून तो उडत नाही. चारवर वीज सरळ मोटरीत जाते, त्रास नाही. पण एक, दोन, तीनला ती ह्या पट्टीतून जाते." आईने जळालेला रेझिस्टर उचलून दाखवला, बोटभर पट्टीवर तीन काळवंडलेल्या स्प्रिंगा. "हिची भूक ह्या बिचारीला सोसत नाही. जळते."

"अगंबाई! म्हणजे नुसती ही बदलून उपयोगच नव्हता? दात दुखतोय आणि आपण गोळ्या देत बसलोय, तसं!" डॉक्टरीणबाई बाबांकडे वळल्या. "उस्ताद, तुमच्या लक्षात नाही आलं?"

त्यांनी खरंच सरळ मनाने विचारलं होतं. बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"संशय होता," ते म्हणाले.

"मग मोटर वहिनींकडेच द्या. किल्ली ठेवून जाते." जाता जाता त्या आईचा हात धरून म्हणाल्या, "आधीच यायला हवं होतं हो तुमच्याकडे."

एवढी वर्षं मी आईचा चेहरा पाहतेय. असा पाहिला नव्हता. डॉक्टरीणबाई तिच्या मनातून एका वाक्यात माफ झाल्या, इस्त्री, टॉवेल, ग्लासासकट. तिने स्वतः वाकून मोटर उतरवली, पदराला डाग पडला तरी पाहिलं नाही, आणि छातीशी धरून भिंतीमागे निघाली. जाताना शिडीकडे बघून हाक दिली, "पेंटर, उतरू नका! दुसरी ओळ आहे."

"काय लिहू, वहिनी?"

"उस्ताद सांगतील." आणि बाबांना, गोड आवाजात, "सांगा हं त्यांना."

बाबा डॅशबोर्डाच्या रिकाम्या खड्ड्यात दिवा धरून बसले. तिथे आता पाहण्यासारखं काही नव्हतं.

मी आईच्या मागे आत गेले. ती गुणगुणत होती. मोटरीच्या आवरणाला दोन स्क्रू असतात. पहिला फिरवताना ती थांबली. स्क्रूच्या डोक्यावर ताजा ओरखडा होता, चकचकीत. बाकी मोटरीवर धूळ बसलेली.

"ही कोणीतरी उघडलीय," ती म्हणाली. "हल्लीच."

आवरण निघालं. आतलं आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता गाभा, तिने उजेडाकडे वळवलं. वार्निशचा तपकिरी थर, आणि तारांची टोकं जिथे एकत्र येतात तिथे, वार्निशखाली, लाल सुताची गाठ.

गुणगुणणं थांबलं.

"आई, ही तर तुझी."

तिने भिंग घेतलं. एका खाचेतली तार कापली, आणि एकेक वेढा उलगडून मोजू लागली. ओठ हलत होते. दहावर तार संपली.

"किती हवे होते?"

"बारा." तिने दुसरी खाच कापली. दहा. तिसरी कापली नाही. आर्मेचर मांडीवर ठेवून तशीच बसली.

"चुकून झालं असेल गं."

"चुकून एका खाचेत होतं. सगळ्या खाचांत नाही." मग खिडकीकडे तोंड करून, आवाज न चढवता, "अहो, ही गाडी आधी कोणाची होती?"

बाबांचा चेहरा चौकटीत आला.

"बिस्किटवाल्याची."

आई हसली. चांगलं हसू नव्हतं ते. माझ्याकडे बघून बोलली, पण सांगत होती त्यांनाच. "तुमच्या हातची हवा पाहिजे, म्हणाला होता. मी इथे, ह्या खिडकीत, दोन हात लांब. म्हटलं, असं काय? मग घे हवा. दोन वेढे कमी घातले, की मोटर पळते जोरात. वारा दीडपट. म्हटलं, आता बाजारात सांगेल, वाइंडिंगवालीच्या हातचा वारा बघा." तिने आर्मेचरवरून अंगठा फिरवला. "त्याने सांगितलं, उस्तादच्या हातचा. तो जाडा माणूस सदा चारवर चालवायचा, म्हणून इतकी वर्षं रेझिस्टर वाचला. ह्या बाई हलका वारा लावतात. दोनवर."

बाबांनी कोपर चौकटीच्या झिजलेल्या जागी टेकवलं.

"तुम्ही उघडली होती ही," आई म्हणाली.

"हो."

"कितव्या खेपेला?"

"पहिल्या."

"गाठ पाहिलीत."

"पाहिली."

"वेढे कमी आहेत, तेही कळलं?"

"खाचा भरलेल्या नव्हत्या. दिसतं ते." जरा थांबून ते म्हणाले, "तुझी खाच अर्धवट कधी नसते."

हे कौतुक होतं की आणखी काही, ते मला कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम पेटला.

"आणि मग परत बंद करून बसवलीत. तीन वेळा रेझिस्टर बदललात. त्या बाईला चार खेपा घालायला लावल्या. मी शर्टावरून, टॉवेलवरून तुमचा जीव खाल्ला, तरी तोंड उघडलं नाहीत."

"काय उघडायचं? गिऱ्हाइकासमोर सांगू, की ही चूक माझ्या बायकोची?"

"मला सांगायचं होतंत! मी रात्रीत भरून दिली असती नवी, कोणाला कळलंही नसतं. खिडकी एवढी जवळ आहे." तिने आर्मेचर उचलून चौकटीच्या कडेवर, बरोबर त्यांच्या कोपराशेजारी ठेवलं. हळू ठेवलं. "पहिली खेप कधीची हो? दोन महिने झाले ना?"

बाबांनी आर्मेचर जरा बाजूला सरकवलं.

"पेंटरला पहिल्यांदा 'पुढच्या आठवड्यात ये' कधी सांगितलंत?"

मी बाबांकडे पाहिलं. ते गाठीकडे पाहत होते.

"त्याच दिवशी," आईच म्हणाली. "सकाळी हो म्हणाला होतात. 'बघू' दुपारी म्हणालात. मी आपली समजत होते, त्या बाईंच्या नादात विसरलात. चार खेपा मी तिच्यावर जळले. आणि जळायला हवं होतं कोणावर? तुम्हाला व्हॅनवाला खुपला, 'लाल गाठीची द्या' म्हणणारा खुपला. मला माहीत होतं. मला तुमचा एजंट खुपला, ते तुम्हाला आता कळलं. फिटलं म्हणा. पण एकच सांगा."

बाहेरून शिडी करकरली. पेंटरची हाक आली, "उस्ताद, रंग सुकतोय हो! दुसरी ओळ काय लिहायची? की नाही लिहायची?"

आईने तिकडे लक्ष दिलं नाही. ती खिडकीशी गेली, बाबांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं.

"ही गाठ पाहिलीत, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मला झाकावंसं वाटलं म्हणून गप्प राहिलात? की चला, एकदाची सापडली हिची चूक, असं वाटलं, आणि दोन महिने ती जिभेखाली धरून चघळत बसलात? मी बोर्डाचा हट्ट धरला की बाहेर काढायला? खरं सांगा. जे असेल ते. मी ऐकून घेईन."

बाबांनी आर्मेचरवरची गाठ बोटाने एकदा चाचपली. मग कोपर चौकटीवरून उचललं. टेस्टिंगचा दिवा खिशात घातला, इस्त्रीच्या शर्टाच्या, वायरीचं टोक बाहेर लोंबत राहिलं.

"उस्ताद?" पेंटर वरून. ब्रश त्याच्या हातात तयार होता.

बाबा शिडीखालून गेले, रस्त्यावर शेपूट काढून उभ्या असलेल्या गाडीला वळसा घातला, आणि मागे न बघता चालू लागले.